गरज भासली नाही

उतार आला नाही, तेव्हा दमयंतीला कळलं की आपण चुकीच्या बसमध्ये बसलोय. रहाटाघरच्या स्टँडवरून पावसची बस निघाली की थोड्याच वेळात रस्ता भाट्याच्या पुलाकडे घसरतो, पोटात किंचित पोकळी होते आणि पुलावर खाडीचा खारा वारा थेट तोंडावर येतो. फणसोपला घर बांधल्यापासूनच्या बावीस वर्षांत तो उतार तिच्या अंगात मुरला होता. डोळे मिटूनही कळायचं, आता पूल, आता सुरूचं बन, आता पिशवी उचलायची. आज बस उतरलीच नाही. सपाट चालत राहिली, मग एक वळण आलं, मग पुढच्या बाकावरची बाई कंडक्टरबाईंना म्हणाली की मला बसणीला सोडा. बसणी म्हणजे नेमकी उलटी दिशा. दमयंतीनं कानातल्या वायरी काढल्या. फोनमधला आवाज तिच्या मांडीवर बारीक किरकिरत राहिला. त्या आवाजाकडे लक्ष होतं म्हणूनच स्टँडवर कंडक्टरबाईंनी दिलेली हाळी तिला ऐकू आली नव्हती. पाटीकडे तिनं बघितलं होतं, नाही असं नाही. पण वर्षभरात तिचं बघणं असं झालं होतं की ज्या शब्दाकडे नीट बघावं त्याचाच मधला भाग ओल्या शाईवर बोट फिरवल्यासारखा पुसून जायचा, आणि कडेची अक्षरं तेवढी शाबूत राहायची. तिला ‘प’सारखं काहीतरी दिसलं, वेळ पावसच्या बसची होती, तिनं मानून घेतलं. एकोणतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या बाईनं असं वाचावं, समोर काय आहे ते सोडून काय असायला हवं ते. नवीन मुलींना ती पहिल्या दिवशी हेच सांगायची, की अंदाजानं वाचायचं असेल तर घरी जा.

कंडक्टरबाई जवळ आल्या. ‘चुकून बसले हो, पुढच्या थांब्यावर उतरवा,’ एवढं म्हणायचं होतं. लोक रोज चुकतात. पण चुकलं कसं, असं कुणी विचारलं असतं. पाटी एवढी मोठी होती की, असं कुणीतरी हसत म्हणालं असतं. मागल्या बाकावर फणसोपचं कुणी नसेलच कशावरून? दमयंतीनं पदर सारखा केला आणि घरून ठरवूनच निघाल्यासारखं सांगितलं, ‘आरे.’ कंडक्टरबाईंनी विचारलं, आरे की वारे? आरेच, ती म्हणाली. तिकीट हातात आलं, त्यावरचे आकडे वाचल्यासारखं करून तिनं ते पिशवीत टाकलं, आणि ज्या गावाशी आपलं काहीएक काम नाही त्या गावाला ती भर ऑक्टोबरच्या उन्हात निघाली.

पाच वाजेपर्यंत तिला अहवाल पाठवायचा होता. तिची मुलगी सानवी पुण्यात एका लहानशा कंपनीत होती. त्या कंपनीनं मोबाइलसाठी एक ब्राउझर केला होता, नाव ‘गलबत’, चिन्ह म्हणून निळ्या चौकोनात एक पांढरं शीड. बाहेर काढण्याआधी वेगवेगळ्या गावांतल्या चाळीसेक माणसांनी तो वापरून बघायचा आणि दर तीन महिन्यांनी एक फॉर्म भरायचा, वर ‘बलस्थानं’, खाली ‘उणिवा’. सानवीनं आईचं नाव घातलं ते आईनं आयुष्यभर चुकाच काढल्यात म्हणून. आणि दमयंतीला ते काम आवडलं होतं, हेही खरं. गलबतात चांगलं पुष्कळ होतं. जुन्या, तडा गेलेल्या फोनवरही तो जड व्हायचा नाही. जाहिराती अंगावर येऊ द्यायचा नाही. सगळी बटणं खाली अंगठ्याशी होती, त्यामुळे एका हातात पिशवी असली तरी चालायचं. पान एकदा साठवून ठेवलं की रेंज गेली तरी ते कुठे जायचं नाही, आणि रेंज जाणं हे काही फणसोपला नवीन नव्हतं. हे सगळं तिनं पहिल्या अहवालात मनापासून लिहिलं होतं. उणिवाही लिहिल्या होत्या, सतरा. त्यातल्या चार तर त्यांच्या फॉर्ममधल्याच शुद्धलेखनाच्या होत्या.

फक्त एका प्रश्नाचं उत्तर तिनं खोटं दिलं होतं. गलबतात ‘वाचून दाखवा’ असं एक बटण होतं. ते दाबलं की एक बाई पान वाचू लागायची. ती बाई मराठीची होती असं म्हणवत नव्हतं. ‘माझं’मधला झ ती हिंदीतल्या ‘मुझे’सारखा म्हणायची, चमच्यातले दोन्ही च ‘चार’मधल्यासारखे. ‘झालं’चं ‘झालम्’ करायची, ‘गेलं’चं ‘गेलम्’. कुणी घाईत विसर्गाच्या जागी दोन साधे ठिपके टाईप केले असले की ती थांबायची आणि गंभीरपणे म्हणायची, ‘दु अपूर्णविराम ख’. दमयंतीला ते ऐकून राग यायचा, खडा लागावा तसा दर ओळीला. तरी ती ऐकायची. सकाळी चहाबरोबर, दुपारी जेवल्यावर, सगळा पेपर, मासिकं, औषधांची माहिती, नवऱ्याचे, महिपतचे, जहाजावरून आलेले दोनदोन ओळींचे संदेश. कारण दुसरा मार्ग उरला नव्हता. अक्षर मोठं करावं तर पान फुटायचं, ओळी एकमेकींवर चढायच्या, आणि शेवटी अख्ख्या काचेवर एकच अक्षर मावायचं, त्याचाही मध्य गायब. फॉर्ममध्ये विचारलं होतं, ‘वाचून दाखवण्याच्या सोयीचा आपणांस किती उपयोग झाला?’ तिनं लिहिलं होतं, ‘वापरली नाही. गरज भासली नाही.’ दोन छोटी, नीट वाक्यं. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

मागच्या रविवारी सानवीनं फोनवर सहज सांगितलं, की मराठी आवाजाचं काम कंपनीनं थांबवलंय. दोघंजण त्यावर होते, त्यांना दुसरीकडे लावलं. मागणीच नाही म्हणे. चाळीस जणांत धड उत्तर देणारे सहासातच, त्यातही कुणी वापरत नाही. ‘पण तुझा रिपोर्ट सगळ्यांत भारी होता हां आई, सरांनी कौतुक केलं,’ असंही ती म्हणाली. दमयंतीनं त्यावर काय म्हटलं असेल? गॅसवर दूध आहे म्हणाली. गॅसवर दूध नव्हतं. फोन ठेवून ती ओट्याशी उभी राहिली आणि बराच वेळ पुसलेलाच ओटा पुसत राहिली. गेले पाच दिवस ती बाई कानात वाचत होती तेव्हा दमयंतीला सारखं वाटत होतं की ही आता आणखी सुधारायची नाही, अशीच अर्धवट राहणार. झालम् आणि गेलम् करत राहणार, आणि हिला अर्धवट ठेवणारी मी.

बसणी गेलं, काळबादेवी आलं. डावीकडे समुद्र असणार. मुलगी लहान असताना ते तिघं एकदा इथे आले होते, महिपतची सुट्टी संपत आली होती. महिपत जहाजावर फिटर; समुद्र बघायला मुद्दाम जायचं याचं त्याला हसू यायचं. त्या दिवशी तिला क्षितिजावरच्या पडावाचं शीड दिसलं होतं, त्याला ठिगळ होतं तेसुद्धा. आता समुद्राकडे सरळ बघितलं की मध्ये करडा डाग, आणि पाणी चमकायचं ते डागाच्या भोवतीनं. बघायचं असेल तर बाजूला बघावं लागायचं. माणसांचंही तेच. सानवी मे महिन्यात आली तेव्हा ती जेवताना तिच्या कानाकडे बघून बोलत होती आणि सानवीनं दोनदा विचारलं, काय बघतेस गं मागे?

परतीची बस किती वाजता आहे ते कुणालाही विचारता आलं असतं. तिनं गलबत उघडला. वेळापत्रकाची कुठलीशी साइट सापडली, आणि पान उघडायच्या आधी आवाज म्हणाला, ‘आपण माणूस आहात हे सिद्ध करा. ज्या चित्रांत बस आहे ती सर्व चित्रं निवडा.’ आणि पुढे नऊ वेळा नुसतं, ‘चित्र. चित्र. चित्र.’ दमयंतीनं फोन डोळ्यांशी नेला, तिरका धरला, मान वळवली. लाल काहीतरी होतं. तिनं दाबलं. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ दुसरे नऊ चौकोन. पुन्हा प्रयत्न करा. तिसऱ्या वेळी तिनं इतक्या जोरात बोट आपटलं की शेजारच्या बाईनं वळून बघितलं. हा गलबताचा दोष नव्हता, हे तिला समजत होतं, साइटचा होता. पण दोष कुणाचा हे ठरवत बसण्याइतकं डोकं थंड नव्हतं. बसमध्ये बसून, बस कुठली ते ओळखता न आल्यामुळे, एक यंत्र तिला माणूस मानायला तयार नव्हतं. आणि चिडायचं कुणावर? डॉक्टरांनी सांगितलं होतं, साखरेनं पडद्याला सूज आलीय, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, दर महिन्याला, नेमानं. दोन एकटीनं जाऊन घेतली. तिसऱ्यासाठी कोल्हापूरला जायचं तर आता सोबत कुणी हवं होतं, म्हणजे कुणाला तरी सांगायला हवं होतं. सानवी नोकरी सोडून आली असती, नाहीतर आईला पुण्याला घेऊन गेली असती, कुठल्यातरी आठव्या मजल्यावर. महिपत करार अर्धा टाकून उतरला असता. त्यापेक्षा नकोच. आणि आवाज होताच की, चालत होतं.

चालत नव्हतं. छापखान्यातल्या शेवटच्या वर्षी सखाराम शेटनी एका दुःखद निधनाच्या पत्रकाचं मुद्रित तिच्याकडे दिलं होतं. गेलेल्याच्या जागी त्याच्या धाकट्या भावाचं नाव पडलं होतं, जिवंत माणसाचं. तिनं सही करून सोडलं. तीनशे प्रती गावभर वाटल्या गेल्या तेव्हा कळलं. टाईप करणाऱ्या नम्रतावर शेट सगळ्यांदेखत ओरडले. ती पोर रडत म्हणाली, बाईंनी बघितलं होतं. दमयंती म्हणाली की मी दुरुस्ती केली होती, तिनं ती घेतली नसेल. महिनाभरानं दमयंतीनं काम सोडलं, घरी अडचण आहे म्हणाली. नम्रता अजून तिला बाजारात भेटते आणि ‘बाई, कशा आहात’ म्हणते, आणि दमयंती तिला आवाजावरून ओळखते.

आरेला ती एकटीच उतरली. थांब्याच्या शेडमध्ये सावली होती. पलीकडे शहाळ्यांची टपरी होती, कोयत्याचा आवाज येत होता. चार वाजून गेले होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून, म्हणजे ऐकून, तिनं फॉर्म उघडला आणि माइक दाबून बोलायला लागली. लिखाण बोलून घेणं हे गलबताचं खरंच बलस्थान होतं. तिनं बलस्थानं सांगितली, उणिवा सांगितल्या. नाव न लिहिलेली बटणं, चित्रांचं कोडं, मोठ्या अक्षरात फुटणारं पान. मग तो प्रश्न आला. ती म्हणाली, ‘मागील अहवालाप्रमाणेच.’ तेवढ्यात कुणाचा तरी जाहिरातीचा फोन आला, तिनं तो कापला, परत आली तर पान नव्यानं उघडलं होतं. कोरं. वीस मिनिटांचं बोलणं गेलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि दोन वाक्यांनंतर तिला सुचेचना. पहिल्यांदा जे सहज निघालं होतं ते आता खोटं आठवून सांगितल्यासारखं वाटत होतं. हा फोन रस्त्यापलीकडे भिरकावून द्यावा, असं तिला मनापासून वाटलं.

‘बाय, येवढी चिठ्ठी वाचून सांगा जरा.’

एक म्हातारा शेडमध्ये येऊन उभा राहिला होता. अंगाला घामाचा आणि काजूच्या झाडाच्या चिकाचा वास. मी धोंडू, वरल्या वाडीतला, असं त्यानं आपणहून सांगितलं, आणि मग बाकीचंही. बायकोच्या, सगुणाच्या छातीत धडधडतं. काल रत्नागिरीला डॉक्टरला दाखवलं. गोळ्या दिल्या. कंपाउंडरनं किती घ्यायच्या ते सांगितलं, पण बसच्या गडबडीत ते डोक्यातून निघून गेलं. मुलगा मुंबईला, फोन लागत नाही. बाई चष्म्यातली, मोबाइलवर बोलून लिहिणारी, म्हणजे शिकलेली, असं बघून तो आला होता.

दमयंतीनं कागद घेतला. हे तिचं काम होतं. कागद हातात आला की पाठ आपोआप ताठ व्हायची. डॉक्टरचं अक्षर वाकडं होतंच, पण त्याहून वाकडी अक्षरं तिनं लावली होती. तिनं कागद उजेडाकडे वळवला. औषधाचं नाव कडेकडेनं सापडलं. त्याच्यापुढे आकडे होते: एक, मग एक रेघ, मग दोन. रेघ आडवी की तिरकी ते दिसत नव्हतं. आडवी असेल तर एक ते दोन गोळ्या. तिरकी असेल तर अर्धी. तिनं कागद डावीकडे नेला, उजवीकडे नेला, रेघेच्या वर बघितलं, खाली बघितलं. डाग तिच्याबरोबर फिरत राहिला. म्हातारा वाट बघत होता. तिच्या जिभेवर ‘एक-दोन’ आलं होतं, कारण गोळ्या सहसा तशाच असतात, कारण काहीतरी सांगितलं की हा जाईल, कारण तोंडाला सवय होती. तोंड उघडलंसुद्धा. धोंडू पुढे वाकला आणि म्हणाला, ‘तिच्या हृदयाची गोळी हाय ना ती, म्हनून इचारतो.’

‘मला दिसत नाही हो,’ दमयंती म्हणाली.

हे वाक्य तिनं आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर काही झालं नाही. कोयत्याचा आवाज चालू होता. धोंडूनं कागद तिच्या हातातून काढून घेतला.

‘मग येवढा वेळ धरून कशाला बसलाव, बाय?’

त्याच्या बोलण्यात दया नव्हती. वेळ गेल्याचा वैताग होता, आणि थोडी भीती. त्याचं बरोबर होतं. तो चिठ्ठी घेऊन रस्ता ओलांडून टपरीकडे गेला. तिथे गाडी थांबवून शहाळं पिणारं कुणी जोडपं असावं. बाईचा तरुण आवाज दमयंतीला स्पष्ट ऐकू आला. अर्धी गोळी, आजोबा. सकाळी अर्धी, रात्री अर्धी, जास्त देऊ नका हां. धोंडूनं ते दोनदा वदवून घेतलं. मग तो शेडकडे न बघता वरच्या वाटेला लागला असावा, कारण पुन्हा त्याचा आवाज आला नाही.

दमयंतीनं फोन घेतला आणि सानवीला लावला. सानवी दबक्या आवाजात म्हणाली की मी कामात आहे, रिपोर्टची पाचची वेळ आहे ना, नंतर बोलू का? दमयंती नाही म्हणाली. आत्ताच. आणि मग ती भराभर बोलली, कुठे थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून. तो आवाज मी रोज वापरते. पहिल्या दिवसापासून. मला वाचता येत नाही. जे लिहिलं ते खोटं होतं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा.

‘आई, मी तुझं वाक्य मीटिंगमध्ये वाचून दाखवलं होतं,’ सानवी म्हणाली. ‘बाकीच्यांनी रकाने कोरे ठेवले होते. तुझं एकटीचं नीट लिहिलेलं होतं. मी म्हटलं, माझी आई तीस वर्षं प्रूफं तपासायची, ती म्हणते गरज नाही. त्यावर काम बंद झालं.’

‘हो.’

‘मी म्हटलं, आई. मी स्वतः.’

‘हो गं. म्हणून तर सांगतेय. पाच वाजायचेत अजून. लिहून घे.’

सानवी चिडलेली होती. ते तिच्या श्वासावरून कळत होतं, आणि रडत नव्हती हेही. बरं झालं, दमयंतीला वाटलं. तिनं शब्द निवडून, सावकाश सांगितलं. मागील अहवालातलं अमुक उत्तर चुकीचं आहे, ते मी जाणूनबुजून चुकीचं दिलं. ही सोय मी दिवसातून पाचसहा तास वापरते. ती वाईट आहे, आणि तिच्याशिवाय माझं चालत नाही. उच्चारांच्या चुकांची यादी सोबत देईन, ती मोठी आहे. पलीकडे कळा वाजत राहिल्या. सानवीनं एकदा विचारलं, ‘जाणूनबुजून’ ठेवायचं? दमयंती म्हणाली, ठेव. सानवी म्हणाली की थांबवलेलं काम यावरून पुन्हा सुरू होईलच असं नाही, ते तिच्या हातात नाही. दमयंती म्हणाली, ते मला माहीत आहे.

‘गेला रिपोर्ट,’ सानवी म्हणाली. मग अगदी लहानपणी शाळेतून आल्यावर चप्पल न काढता विचारायची त्या आवाजात, ‘आता मला सांग. पहिल्यापासून. काही गाळू नकोस.’

नेवऱ्याकडून बस आली, शेडसमोर थांबली, दार उघडलं. कुणीतरी आतून ओरडून विचारलं, रत्नागिरी का? दमयंतीनं हातानंच जा म्हणून खुणावलं आणि धूळ खाली बसेपर्यंत पदर नाकाशी धरला. उन्हाचा पट्टा तिच्या पायांपर्यंत आला होता. ती बाकावर आत सरकली, फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘मागल्या वर्षी, गौरी आल्या त्या दिवशी,’ ती म्हणाली. ‘अंगणात मी ठिपक्यांची रांगोळी काढत होते. कडेनं सगळे ठिपके जुळले गं. मधलाच सापडेना.’